डॉक्टर नेवरेकरांची बाजूची खोली

डॉक्टर नेवरेकर कुणाच्याही घरात शिरले की रोग्याचं नाव विचारायच्या आधी खिशातून उदबत्ती काढून पेटवायचे. नवख्या माणसाला वाटायचं, काय देवमाणूस आहे, आधी देवाचं करतो. एका म्हातारीनं तर लगबगीनं डोक्यावर पदर घेऊन हात जोडले होते. देवाचा आणि या गृहस्थाचा संबंध बेताचाच. ते बघायचे धूर. धूर खिडकीकडे निघाला तर 'ठीक' म्हणायचे. जागच्या जागी सरळ उभा राहिला तर च्यक् करून घरच्या माणसांकडे असे बघायचे, की जणू त्यांनी चोरीचा माल दडवलाय. मग विचारायचे, "या खोलीत माणसं निजतात?" निजतात म्हणूनच तर त्यांना बोलावलेलं असायचं.

काम झालं की उरलेली उदबत्ती चिमटीत विझवून पुन्हा खिशात. ती धड विझलेली नसायची. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक कोटाच्या खिशाला भोकं होती आणि त्यांच्या पत्नी यमुनावहिनींनी त्यांवर ठिगळं लावलेली होती. माणूस उंच, खांद्यात किंचित वाकलेला आणि बोलायला तिरसट. गावात त्यांना 'खोकल्याचे डॉक्टर' म्हणत. ज्याला साधा ताप असेल तो दुसऱ्या डॉक्टरकडे जाई, कारण यांच्याकडे गेलं आणि कुणी पाहिलं, तर मुलीचं लग्न जमायची पंचाईत व्हायची.

मी तेव्हा गावातल्या एका बड्या वकिलांकडे टायपिस्ट होतो. पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. टाइपरायटर म्हणजे रत्नागिरीत अपूर्वाईची चीज होती आणि डॉक्टर मुंबईच्या आणि विलायतेच्या वैद्यकीय मासिकांना इंग्रजीत निबंध पाठवत. आमच्या वकीलसाहेबांना त्यांनी विषमज्वरातून उठवलं होतं, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. कचेरी आटपली की डॉक्टर कागद घेऊन यायचे, खिडक्या उघडायचे, उदबत्ती लावायचे आणि माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे. मी घरी चहाला कधी पोचणार याची त्यांना फिकीर नसे.

माझा हात दावे-फिर्यादी टाइप करण्यात तयार झालेला. डॉक्टरांनी जिथे जिथे 'रोगी' लिहिलं होतं, तिथे तिथे मी सवयीनं इंग्रजीत 'सदरहू रोगी' करून ठेवलं. सगळा निबंध तसाच टाइप झाला, खोकलासुद्धा सदरहू. डॉक्टरांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "अहो, हा रोगी आहे की प्रतिवादी?" त्या दिवसापासून त्यांनी माझं नावच 'सदरहू' पाडलं. भर बाजारात हाक मारायचे. माझी बायको भारी चिडायची, पण मला आत कुठेतरी ते आवडायचं.

त्यांचे आधीचे निबंध हिवतापावर, पटकीवर, प्लेगवर. ते छापून यायचे, टपालानं अंक यायचा, डॉक्टर तो चाळून आपल्याच लेखातल्या चुका काढायचे आणि फळीवर टाकून द्यायचे. क्षयाचं तसं झालं नाही. क्षयानं या माणसाला धरलं ते सोडलंच नाही. पुढे सगळ्याच अर्थानं धरलं, पण ते नंतर.

तेव्हा मुंबईहून आगबोटी येत. पावसाळ्यात त्या बंद असत. त्यामुळे वैशाखातल्या शेवटच्या बोटींना गिरणीतली आजारी माणसं गावाकडे परतायची. मुंबईत कुणी तरी सांगितलेलं असायचं, 'हवापालट करा, घरचं दूध-भात खा, बरे व्हाल.' डॉक्टर मांडवीच्या धक्क्यावर जाऊन उभे राहायचे. बोटीतून लहान पडावात आणि पडावातून धक्क्यावर माणसं उतरायची, आणि हे त्यांच्या गळ्याची हाडं बघत बसायचे. एखाद्याला थांबवून गाव विचारायचे, घरात माणसं किती ते विचारायचे. लोकांना वाटे हा सरकारी माणूस, काहीतरी कर-पट्टी बसवायला आलाय.

मग पावसाळा संपून पायवाटा वाळल्या, की डॉक्टर त्या एकेका घरी चालत जायचे. तो माणूस गेलेला असायचा. ते त्यांना धक्क्यावरच कळलेलं असे. पण त्याची बायको खोकू लागलेली असायची, आणि एखाद्या पोराला संध्याकाळची कणकण. डॉक्टर म्हणायचे, "मुंबईनं एक पाठवला, आपण त्याचे तीन केले." त्यांच्या मोठ्या निबंधाचं सार एवढंच. घरी आलेला माणूस माजघरात निजतो, माजघराला खिडकी नाही, पावसाळ्यात दारं बंद, सगळं घर त्याच्याभोवती गोळा होऊन त्याचाच श्वास घेतं. आपण त्याला माया म्हणतो.

उपाय काय, तर त्याला वेगळ्या हवेशीर खोलीत ठेवा. पण गरिबाच्या घरी वेगळी खोली आणायची कुठून, हे कोडं डॉक्टरांना बरेच दिवस सुटत नव्हतं. ते सुटलं त्यांच्या स्वतःच्या घरात. आमच्याकडे तेव्हा घरोघर एक बाजूची खोली असायची. बाईला कावळा शिवला की चार दिवस तिथे बसायचं. वेगळं अंथरूण, वेगळं भांडं, कुणी शिवायचं नाही. डॉक्टरांनी लग्न झाल्याबरोबर घरातली ती चाल मोडली होती आणि खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या, पलीकडची ती खोली आपल्या सूक्ष्मदर्शकाला दिली होती. आळीतल्या बायका म्हणत, बायकोचा विटाळ घरभर आणि लोकांची थुंकी सोवळ्यात. एक दिवस त्या खोलीत काम करता करता डॉक्टरांच्या लक्षात आलं, की जी खोली आपण शोधतोय तिच्यातच आपण बसलोय. ती कोकणातल्या बहुतेक घरांत आहे, आणि तिथे कसं वागायचं हे घरातल्या प्रत्येकाला लहानपणापासून पाठ आहे. काही नवीन शिकवायला नको. त्या संध्याकाळी ते कचेरीत आले तेच हसत. त्यांना असं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

जयगडच्या वाटेवरच्या एका गावात गोविंदा म्हणून गिरणी कामगार होता. आमच्या वकिलांच्या एका वादातल्या माडांची पाहणी जवळच होती, म्हणून पाऊस लागायच्या आधी मीही डॉक्टरांबरोबर गेलो. माजघरात उदबत्तीचा धूर खांबासारखा उभा राहिला. गोविंदा भिंतीकडेला निजला होता आणि त्याचा लहान मुलगा त्याच्या पोटावर बसून खेळत होता. बायको दारात उभी. डॉक्टर घरभर फिरले. मागल्या पडवीत बायका बाजूला बसत. कुडाच्या भिंती, मोकळा वारा, समोर काजूची झाडं. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, याला आजपासून इथे ठेवा, ताट वेगळं, मुलगा जवळ नको.

म्हातारा बाप खाली बघत राहिला. गोविंदाच कोपरावर उठला. म्हणाला, "मराण आलं तरी चालंल डाक्तर, पन बायकांच्या जागंत मी न्हाय निजायचा."

डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं. रागावले, गोडीत घेतलं, हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. गोविंदा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. परतताना खाडी ओलांडायला आम्ही तर धरली. तरीत बसल्यावर डॉक्टर म्हणाले, "त्याच्या बायकोला विचारायला हवं होतं. तिला कुणी विचारलंच नाही. मीही नाही." पाऊस सरल्यावर आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तिला विचारायची सोय उरली नव्हती. ओटीवर म्हातारा आणि नातू दोघंच होते, आणि नातू खोकत होता.

निबंध छापून आला. विलायतेतल्या कुणा मोठ्या तज्ज्ञानं स्तुतीचं पत्र पाठवलं. तेव्हा गावाला जाग आली आणि वाचनालयात व्याख्यान ठरलं. डॉक्टर बोलले चांगलं, पण शेवटी त्या खोलीचा विषय निघाला आणि सभेत चुळबुळ सुरू झाली. आमचे वकीलसाहेब उठले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, म्हणजे आता पुरुषांनी विटाळशी व्हायचं म्हणता? जो काही हशा झाला म्हणता! खुर्च्या वाजल्या. डॉक्टर हशा ओसरेपर्यंत थांबले. म्हणाले, "दर महिन्याला तुमची बायको तिथे बसते, तेव्हा घर बुडत नाही. तुम्ही बसलात तर घर वाचेल." पण तोवर लोक चपला शोधायला लागले होते. वकीलसाहेबांना दुसऱ्या दिवशी मी जरा तुटकपणे वागवलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढे तिसाव्या सालाच्या आगेमागे, एका पावसाळ्याच्या तोंडाला, डॉक्टर कचेरीत यायचे बंद झाले. मी घरी गेलो. वहिनी ओटीवर बसल्या होत्या. त्यांनी नुसतं खळ्यापलीकडे बोट दाखवलं. डॉक्टर बाजूच्या खोलीच्या खिडकीत होते. मी पुढे जायला लागलो तसे म्हणाले, "तिथेच थांबा, सदरहू. काल स्वतःची थुंकी तपासली. क्षयाच्या त्याच तांबड्या काड्या. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बघितल्या, ओळखायला वेळ लागला नाही."

घाटावर आरोग्यधाम होतं. डॉक्टरांचे तिथे स्नेही होते, खाट मिळत होती. वहिनींनी पेटी भरून ठेवली. हा माणूस जाईना. म्हणाला, गोविंदाला कुठलं आरोग्यधाम? मी घाटावर गेलो तर लोक म्हणतील, डॉक्टर सांगतात एक आणि स्वतः करतात दुसरं. घरात बायको आहे, सहा वर्षांची पोर आहे. या खोलीत राहून त्या दोघींना काही झालं नाही, तर मी लिहिलं ते खरं. झालं तर खोटं.

मला तेव्हा त्यांचा विलक्षण राग आला. अजूनही येतो. अहो, स्वतःचा जीव टांगणीला लावलात तो लावलात, त्या पोरीचा कशाला? तिकडे गेले असते तर कदाचित वाचले असते. पण कोकणी माणूस हट्टाला पेटला की ब्रह्मदेव खाली आला तरी ऐकायचा नाही. वहिनी रडल्या, अबोला धरला, मग एक दिवस उठून त्यांनी ती पेटी रिकामी केली आणि खोलीसाठी वेगळी भांडी काढली.

मग त्या घराचे नियम सुरू झाले. ताट पायरीवर ठेवायचं आणि मागे सरायचं. परतलेली भांडी उकळत्या पाण्यात. थुंकीचं भांडं डॉक्टर स्वतः जाळून-धुऊन ठेवत. आणि सगळ्यांत मोठा नियम वाऱ्याचा. खोली खळ्याच्या समुद्राकडच्या अंगाला होती. सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणजे घराकडून खोलीकडे. तेवढ्या वेळात पोरीनं, कुसुमनं, खळ्याच्या अलीकडे तुळशीपाशी उभं राहून बाबांशी बोलायचं. उन्हं चढली की समुद्रावरून खारा वारा सुटतो. खिडकीतल्या उदबत्तीचा धूर घराकडे वळला की डॉक्टर हात वर करायचे आणि बोलणं असेल तिथे तुटायचं. कुसुम कविता म्हणत असली तर ओळ अर्धी राहायची. मग ती उरलेली ओळ दुसऱ्या दिवशी म्हणायची.

गाव काय गप्प बसतंय! 'डॉक्टरांना कावळा शिवला' हे तर पोरासोरांच्या तोंडी झालं. पण ते सोसवलं असतं. वहिनींना जे ऐकावं लागलं ते वाईट होतं. डॉक्टरांची आत्या मदतीला म्हणून येऊन राहिली होती, ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "नवऱ्याला बाहेर टाकून आत बसून जेवते, घास उतरतो तरी कसा!" विहिरीवर बायका वहिनींना पाहून बोलायच्या थांबत. त्या बाईनं नवऱ्याचं ऐकलं म्हणून तिला नवरा टाकणारी ठरवली. एकदा मला म्हणाल्या, "यांनी मला त्या खोलीतून सोडवलं, तेव्हाही मीच वाईट होते. आता हे तिथे बसले, तरी मीच वाईट." मी चहा घेऊन घरी आलो.

नवरात्राच्या सुमारास त्यांनी शेवटचा निबंध सांगितला. मी सकाळच्या वाऱ्यात टाइपरायटर तुळशीपाशी ठेवून बसायचो आणि ते खिडकीतून बोलायचे. मध्ये दम लागायचा. निबंध एका रोग्याचा होता. पुरुष, व्यवसायानं डॉक्टर, घरात पत्नी व एक कन्या. वजन कसं उतरलं, आवाज कधी बसला, रक्त केव्हा पडलं, सगळं दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं सांगत होते. माझी बोटं थांबायची. एकदा थांबली तेव्हा म्हणाले, "काय झालं? या वेळी 'सदरहू रोगी' लिहिलंत तरी चालेल." मी लिहिलं. ते त्यांनी खोडलं नाही. तो निबंध ते गेल्यावर छापून आला. संपादकांनी सगळं ठेवलं होतं, फक्त खोलीबद्दलचा भाग स्थानिक चालीरीतीचा तपशील म्हणून गाळला होता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दिवाळीच्या पाडव्याला. त्यानंतर वकीलसाहेबांनी मला एका लांबलेल्या दाव्यासाठी चिपळूणला पाठवलं, आणि मी परत येईपर्यंत खोली धुऊन, चुना मारून, दार उघडं टाकलेलं होतं.

पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. ते पहाटेच, मतलई वाऱ्यात, खळ्यावरून उरकायचं ठरलं होतं. मीही निबंधाची प्रत घेऊन सकाळीच गेलो होतो. पण आत्याबाईंची पूजा काही आटपेना, आणि त्यांच्याशिवाय ओवाळायचं तर त्यावरून वेगळं रामायण झालं असतं. वहिनी तबक घेऊन खळ्यात आल्या तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. शेजारच्या बायका आवाराच्या दगडी गडग्यापाशी जमल्या होत्या. शुभेच्छेला नव्हे, बघायला. डॉक्टर खिडकीत बसले होते. धुतलेला सदरा, त्यात माणूस जेमतेम. वहिनींनी तबक उचललं.

"थांब," डॉक्टर म्हणाले. आवाज पार बसलेला, पण खळ्यात ऐकू आला. "ज्योत तुझ्याकडे वाकतेय."

निरांजनाची ज्योत खरंच वहिनींकडे, घराकडे वाकली होती. वारा फिरला होता. आत्याबाई म्हणाल्या, पुरे झाली थेरं, क्षणभराचं काम, ओवाळ आणि हो मोकळी. डॉक्टरांनी हात वर केला. नियम म्हणजे नियम. मला वाटलं, वहिनी आता तबक तिथेच ठेवतील आणि आत निघून जातील, आणि खरं सांगतो, त्या गेल्या असत्या तर मी त्यांना दोष दिला नसता.

वहिनींनी पदराचा आडोसा केला आणि त्या चालू लागल्या. खळ्यातून बाहेर, जमलेल्या बायकांच्या मधून, आगराच्या वाटेनं माडांखालून वळसा घालून त्या खोलीच्या पलीकडे समुद्राच्या अंगाला गेल्या. तिकडे खोलीची दुसरी खिडकी होती. मी कोपऱ्यापर्यंत पाठोपाठ गेलो, त्या पडतील-बिडतील म्हणून. तिथे वारा त्यांच्या पाठीवर होता. म्हणून त्या खिडकीच्या अगदी जवळ गेल्या. इतक्या महिन्यांत त्या इतक्या जवळ गेल्या नव्हत्या, आणि हे आम्हा कुणाला, डॉक्टरांनाही, आधी सुचलं नव्हतं. ज्योत आता डॉक्टरांकडे वाकली होती. वहिनींनी एका हातानं तिला जपत त्यांना ओवाळलं.

डॉक्टरांनी बोटंही तबकाला लावली नाहीत. म्हणाले, "ओवाळणी कशी घालू गं? माझ्या हातचं काही घ्यायचं नाही."

वहिनी म्हणाल्या, "कुसुमला खोकला नाही. ताप नाही. ती ओवाळणी तुम्ही केव्हाच घातलीत."

डॉक्टरांचा चेहरा हलला. काहीतरी बोलायला गेले आणि खोकल्याची उबळ आली. त्यांनी तोंड वळवून फडकं धरलं आणि मोकळ्या हातानं मला मागे व्हायची खूण केली. मी खळ्याकडे परतलो. कुसुम तुळशीपाशी उभी राहून, आई कुठे गेली, म्हणून विचारत होती.

मागे वळून पाहिलं तर वहिनी अजून खिडकीपाशीच होत्या. वारा त्यांच्या पाठीमागून येत होता, त्यामुळे तिथे उभं राहायला हरकत नव्हती.